गूळ खाल्लेली भिंत

वायनरीचं दार रोज अर्धं बोट अरुंद होतंय, हा शोध कुठल्या शास्त्रज्ञाला लागला नाही. तो मालकाच्या पोटाला लागला.

सुकदेवअण्णांचं पोट म्हणजे वाघदऱ्यात सगळ्यांच्या ओळखीचं माप होतं. दिवाळीत याच दारातून ते पोट, फोन आणि दोन खुशमस्करे घेऊन एका रांगेत आत गेले होते. संक्रांतीला आत तिळगूळ वाटायला निघाले, तर एकटेच अडकले. मागून दोघांनी रेटलं, आतून एकाने ओढलं. सदऱ्याची दोन बटणं भिंतीला वाहून अण्णा मोकळे झाले आणि घाम पुसत त्यांनी विचारलं, "हे दार बांधलं कुणी?"

मोठ्या इमारतीबद्दल हा प्रश्न फक्त काही बिघडलं तरच विचारतात. नीट उभी राहिली की विचारायचं कारणच नसतं, आर्किटेक्टचं नाव दगडात असतं आणि मालकाचं पितळेत. बिघडली की मग सगळ्यांना गवंडी आठवतो.

"मी बांधलं," भागीनाथ मिस्तरी म्हणाला. "बांधलं तवा चार फूट व्हतं. टेप लावून दाखवलं व्हतं आर्किटेक्ट मॅडमला."

टेप लावला. सव्वा फूट भरलं.

आता ही गोष्ट आहे दोन हजार एकेचाळीस सालची. नाशिकच्या उन्हाळ्याने तोवर शेहेचाळीसच्या खाली यायचं सोडून दिलं होतं. द्राक्षतोडणी फेब्रुवारीतून सरकत सरकत मार्गशीर्षात आली होती. आणि दुपारी बारा ते पाच थंडाव्याची मोठी यंत्रं चालवायची नाहीत, असा सरकारी नियम होता. नियम वाइनला कळत नाही. रस आंबत असताना टाकीखोली तापली की वास मरतो, चव मरते, आणि शेवटी मालक मरतो. म्हणून पुण्याच्या आर्किटेक्ट शर्वरी नाडकर्णी यांनी वायनरी टेकडीतच कोरली. द्राक्षं वर, छतावर उतरायची. तिथून रस आपल्याच वजनाने मजल्यामजल्याने खाली टाक्यांत यायचा. पंप नाही, धक्का नाही, रसाला घुसळणं नाही. आणि खाली टाकीखोलीला तीन हात जाडीच्या भिंती, जिवंत चुन्याच्या.

चुना मुळात दगडच. भट्टीत भाजला की त्याच्यातला वायू उडून जातो, पाण्यात विरवला की लोणी होतो, आणि भिंतीत बसला की हवेतला तोच वायू पिऊन परत दगड होतो. हे काम तो वर्षानुवर्षं निवांत करतो, सरकारी खात्यासारखं. सुधाजीव नावाच्या कंपनीने त्यात घाई घातली. चुन्यात त्यांनी झोपलेले जिवाणू मिसळले. भिंतीला भेग पडली की तिथून वारा शिरतो, गारवा निसटतो. त्या फरकाने जिवाणू जागे होतात, सोबत दिलेला खाऊ खातात, श्वास सोडतात. तो श्वास पिऊन शेजारचा चुना जागच्या जागी दगड होतो. भेग बुजली, वारा थांबला, जिवाणू परत झोपले. खाऊ इतका मोजून दिलेला की केसाएवढी भेग बुजावी आणि संपावा.

घोटाळा झाला तो या मोजण्यात.

चुन्याचं कालवण चांगुणा करायची. चांगुणा म्हणजे भागीनाथची बायको. हजेरीपटावर तिची नोंद 'बिगारी, स्त्री, एक' अशी. प्रत्यक्षात चुना किती मुरला, हे बोटांच्या चिमटीत धरून सांगणारी सगळ्या साइटवर ती एकटीच. कंपनीची खाऊची पुडी तिने तळहातावर ओतून पाहिली आणि तिला हसू आवरेना.

"शंभर किलोला एवढंसं? अवो, एवढ्यात मुंगी बी बाळंत व्हायची नाय. माझी आई देवळाच्या कामाला व्हती तवा चुन्याच्या घाणीत गुळाच्या ढेपा पडायच्या ढेपा. वरून हिरड्याचं पाणी."

"कंपनीचा चुना हाय," भागीनाथ म्हणाला. "शानपना नको."

"चुना कंपनीचा असंल. भिंत कुनाची? उद्या पडली तर तुमालाच धरत्याल."

आणि तिने गूळ टाकला, वरून हिरड्याचं पाणी. एक घमेलं, दोन घमेली, मग रोजच. भागीनाथने पाहिलं आणि तोंड ओळंब्याकडे फिरवलं. चुना मलईसारखा लागत होता, थापीला चिकटत नव्हता. अशा वेळी शहाणा गवंडी प्रश्न विचारत नाही.

तर जिवाणूंना असं भरपेट जेवण मिळालं. त्यात वायनरी म्हणजे त्यांचं आजोळच. रस आंबताना जो वायू मणामणाने सुटतो, तो नेमका चुन्याला हवा असतो तोच. भिंतीतल्या सगळ्या भेगा महिन्याभरात बुजल्या. खाऊ तर ढीगभर उरला होता. मग जिवाणू पुढची भेग शोधायला लागले. कुठल्याही इमारतीतली सगळ्यात मोठी भेग कुठली? जिथून सगळ्यात जास्त वारा शिरतो आणि सगळ्यात जास्त गारवा निसटतो ती. माणसं तिला दार म्हणतात.

अण्णा तर कुदळच आणायला निघाले होते. पण त्याच आठवड्यात पुण्याचा एक चव घेणारा आला. सुदैवाने अंगाने काडी होता. आडवा होऊन आत गेला आणि अर्ध्या तासाने डोळे पाणावून बाहेर आला. "तीस वर्षांत अशी पांढरी वाइन नाशकात झाली नाही," तो म्हणाला. "भर थंडीत बाहेर चाळीस आहे आणि आत चौदा! एक यंत्र नाही! काय केलंय काय तुम्ही?"

"परंपरा," अण्णा म्हणाले. त्यांना काही सुचलं नाही की ते हाच शब्द वापरत.

त्या दिवसापासून दाराला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. टाकीखोलीवर माणसं नेमताना शिक्षण विचारायचं बंद झालं, कंबर मोजायला लागले. "आग लागली तर?" असं एकाने विचारलं. "आत दगड, पाणी आणि वाइन. पेटणार काय, तुझं डोकं?" अण्णांनी विषय मिटवला.

शर्वरीमॅडम पुण्याहून धावत आल्या. गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर, 'माझ्या दाराचं काय केलंत?' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. दारासमोर उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून बघायला लागल्या. दाराची आता फट झाली होती. पण काय फट! खालून वर सरळ चढत गेलेली, मध्ये किंचित फुगीर, आणि डोक्याच्या उंचीवर एकदम दोन्ही बाजूंना पसरलेली, गोल, वाडग्यासारखी.

"हा तर पेला आहे," मॅडम पुटपुटल्या. "वाइनचा पेला!"

"दांडी जरा जाड हाय," भागीनाथ म्हणाला.

"कलेत तेवढं चालतं हो." मॅडमनी लगेच फोन काढून चाळीस फोटो मारले आणि मागे वळल्या तेव्हा पार बदललेल्या होत्या. "अण्णा, आपण दार म्हणजे निमंत्रण समजतो. मी त्या दाराला संकोच दिलाय."

"म्हंजी हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

"अर्थात!"

भागीनाथला हसू आलं नाही. एकतीस वर्षांत त्याने शाळा बांधल्या, बँक बांधली, दोन आमदारांचे बंगले बांधले, एका मंत्र्याची समाधीसुद्धा मंत्री जिवंत असताना बांधली. एकाही ठिकाणी त्याचं नाव नव्हतं. उद्घाटनाला गवंड्याला बोलवत नाहीत. बोलावलंच तर खुर्च्या लावायला. कागदावर रेघ मारणाऱ्याचं नाव राहतं आणि रेघेवर दगड ठेवणाऱ्याचं घामाबरोबर वाळतं. हा राग त्याने इतकी वर्षं जपला होता की तो त्याचा दागिनाच झाला होता.

म्हणून 'सह्याद्री वास्तू पुरस्कारा'साठी वायनरीचं नाव गेलं, आणि यंदा पहिल्यांदाच आर्किटेक्टबरोबर एक 'कारागीर सन्मान' आहे असं कळलं, तेव्हा भागीनाथने नवीन पेन विकत आणलं. फॉर्म भरला. एका ठिकाणी छापलं होतं: 'चुन्याचे मिश्रण कोणी सिद्ध केले?' पुढे एक रेघ. भागीनाथने जीभ बाहेर काढून, अक्षर लावून, तिथे आपलं नाव लिहिलं.

फॉर्म त्याने सुकायला खाटेवर ठेवला. ही त्याची चूक. चांगुणा हजेरीपट वाचून वाचून वाचायला शिकलेली होती.

"गूळ तुमी टाकला?" तिने विचारलं.

"कोन म्हनलं?"

"तुमीच म्हनताय. हे काय हितं."

"अगं, नवराबायकोत काय तुझं-माझं?"

"मंग माझं लिवा."

भागीनाथ हसला. "तुझं? तुला काय करायचंय स्टेजवर जाऊन?"

"तुमाला काय करायचंय?"

याला त्याच्याकडे एकतीस वर्षं लांबीचं उत्तर होतं, पण ते त्याने ज्या ज्या लोकांना ऐकवायचं ठरवलं होतं त्यांत बायको नव्हती. तो म्हणाला, "फॉर्मवर रेघ एकच हाय."

"एकच हाय व्हय? बरं." चांगुणाने फॉर्म परत खाटेवर ठेवला, वर उडू नये म्हणून पेन ठेवलं, आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी लवकर वायनरीकडे जायची बंद झाली. ती इतक्या लवकर कशाला जायची, हे भागीनाथने कधी विचारलं नव्हतं. का बंद झाली, हेही विचारलं नाही.

तीन दिवसांत पेल्याची दांडी आवळायला लागली. वाडगा बशीएवढा झाला. टाकीवरचा सगळ्यात बारीक पोरगेला कामगारही श्वास सोडूनच आत जाऊ शकत होता. परीक्षक रविवारी येणार होते. भागीनाथने छिन्नी लावली. एक टवका उडाला आणि त्याच्याभोवती केसासारख्या वीस भेगा पडल्या. भेगांतून वारा शिरला, वाऱ्याने जिवाणू जागे झाले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे टवक्याच्या दुप्पट दगड चढलेला होता. त्याने आणखी जोरात हाणलं. भिंतीने आणखी जोरात भरून काढलं. एकतीस वर्षं भिंतींशी बोलणारा माणूस, पण ही त्याचं ऐकेना.

"काय केलं तर थांबंल गं ही?" शनिवारी जेवताना त्याने भिंतीकडे बघत विचारलं, म्हणजे बायकोला विचारल्यासारखं दिसू नये.

"मिस्तरी तुमी हाये," चांगुणा म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

रविवारी परीक्षक आले. अध्यक्ष प्राध्यापक हिरेमठ, मोठे नाव, मोठा आवाज, मध्यम पोट. त्यांच्याबरोबर देशकर नावाचा कंपनीचा माणूस, कारण पुरस्काराचा खर्च सुधाजीवच उचलत होती. शर्वरीमॅडम खादी सिल्कमध्ये, अण्णा फेट्यात. हिरेमठांनी फटीसमोर उभं राहून डोळे मिटले.

"ही वास्तू माणसाला विचारते, तू लायक आहेस का?" ते म्हणाले. "मी या प्रश्नाला सामोरा जाणार."

"सर, फोटोतच बघा, फोटो छान आलेत," मॅडम घाईने म्हणाल्या.

पण सर सामोरे गेले. डावा हात गेला, डावा पाय गेला, अर्धी छाती गेली, आणि पोट म्हणालं, नाही. मग ते मागे यायला निघाले, तर पाठ म्हणाली, नाही. बाहेर बेचाळीस अंश. सरांना घाम फुटला. घामाने चुना ओला झाला, आणि ओल व ऊब एकदम मिळाल्यावर जिवाणूंनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्यांच्या दृष्टीने प्राध्यापक हिरेमठ ही एक ठसठशीत भेग होती.

"मला काहीतरी धरतंय," हिरेमठ म्हणाले. आवाजातला वास्तुविचार गेला होता. "पट्ट्यापाशी धरतंय!"

"फोडा भिंत!" देशकर ओरडला.

"फोडा काय? आत सहा टाक्या आंबतायत!" अण्णा आडवे झाले. "गरम हवा शिरली तर सगळा माल बाद! सर, तुम्ही जरा पोट आत घ्या ना."

"संकल्पनेला धक्का लागेल," मॅडम म्हणाल्या.

भागीनाथ छिन्नी हातात धरून उभा होता आणि त्याला पक्कं माहीत होतं की एक घाव घातला की भिंत सरांना मिठीच मारणार. तो वळला आणि थेट करंजाच्या झाडाखाली गेला. तिथे चांगुणा शेंगा सोलत बसली होती.

"चल," तो म्हणाला. "मानूस अडकलाय."

"मी बी अडकले. एकतीस वरसं झाली. माझ्यासाठी कोनी फेटा बांधून नाय आलं."

"आगं, मरंल तो!"

"मरत नाय. बोलतोय अजून." तिने शेंगांची सालं पदरातून झटकली. "पन चला. त्याची बायको वाट बघत असंल."

वायनरीमागे ताडपत्रीखाली एक पिंप होतं. ही वायनरी बांधण्याआधीची बिघडलेली लाल वाइन, आंबट ढोण झालेली, अण्णांनी लाजेने लपवलेली. चांगुणाने त्यातून घमेलं भरलं, गोणपाटाचा बोळा बुडवला आणि हिरेमठांच्या कमरेभोवती भिंत पुसायला लागली. चुना फसफसला. पांढरा फेस खाली ओघळला. दगड आंबटाला भितो, हे तिला शाळेने नव्हे, चिंचेने घासलेल्या ओट्याने शिकवलं होतं. बोळ्यामागून बोळे. वीस मिनिटांत प्राध्यापक एखाद्या बुचासारखे बाहेर आले, शर्ट जांभळा, वास शिरक्याचा.

चांगुणा थांबली नाही. हाताला वळण असल्यासारखी फट पुसतच राहिली, खाली, मध्ये, टाचा उचलून वर. मग रिकामं घमेलं डोक्यावर ठेवून सवयीने आत गेली, झाडू घेऊन तशीच परत बाहेर आली. कुठे खांदा घासला नाही, घमेलं अडखळलं नाही.

सगळे बघत राहिले. पेल्याची जाडसर दांडी म्हणजे चांगुणा होती. वरचा वाडगा म्हणजे घमेलं होतं.

"तुम्ही हे रोज करता?" हिरेमठांनी विचारलं.

"करत व्हते. झाडायला आत जायला लागतं. मला जायापुरतं, वर घमेल्यापुरतं पुसायचं, बाकी तसंच ठेवायचं. गार ऱ्हातंय आत."

हिरेमठांनी शर्वरीमॅडमकडे पाहिलं. मॅडमनी क्षितिजाकडे पाहिलं.

"पण मुळात वाढ एवढी झाली कशी?" देशकर भिंतीचा कपचा नाकाशी धरून म्हणाला. "आमच्या मिश्रणात हे शक्यच नाही. याला... याला गुळाचा वास येतोय!" त्याने टॅब बाहेर काढला. "ही भेसळ आहे. पेटंट मिश्रणात भेसळ. नोटीस निघेल. मिश्रण कोणाचं?"

आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. पाच मिनिटांपूर्वी ज्या भिंतीला तीन बाप होते, ती क्षणात पोरकी झाली. मॅडम म्हणाल्या, माझा संबंध फक्त रेघेशी. अण्णा म्हणाले, मी शेतकरी माणूस, मला चुन्यातलं काय कळतंय. हिरेमठांनी तर पुरस्काराच्या यादीत ही वास्तू कधी आलीच नव्हती, असा चेहरा केला. देशकरने फॉर्म उघडला. "भागीनाथ मिस्तरी. तुम्ही?"

भागीनाथने चांगुणाकडे पाहिलं. तिच्या हातातून आंबट वाइन ठिबकत होती. त्याच्या छातीत काहीतरी भलतंच मोठं, नवरेपणाचं दाटून आलं. एक पाऊल पुढे येऊन तो म्हणाला, "व्हय. मीच टाकला गूळ. माझ्यावर काढा नोटीस."

असं वाटलं त्याला की आता तिचे डोळे भरून येतील.

"परत माझं खाल्लं!" चांगुणा कडाडली. "मान मिळायचा व्हता तवा बी तुमी, फाशी लागायची तवा बी तुमी! मला कायतरी ऱ्हाऊ देताल का नाय?"

"आगं, मी तुला वाचवतोय—"

"कोन म्हनलं वाचवा? ओ साहेब, हिकडं बघा. गूळ मी टाकला. हिरडा मी टाकला. ह्ये आडवे येत व्हते, 'शानपना नको' म्हनत व्हते. मी कुनाचं ऐकलं नाय. लिवा."

"बाई, यात शिक्षा होऊ शकते," देशकर म्हणाला.

"लिवा म्हनते ना. पुरं नाव लिवा. बिगारी एक नका लिवू."

देशकरने लिहिलं. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं, एक काना राहिला होता तो घालायला लावला.

पुरस्कार त्या वर्षी पुण्यातल्या एका बिल्डरच्या क्लबहाउसला गेला. 'कारागीर सन्मान' तिथल्या लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीला मिळाला. वायनरी पाडायची मागणी सुधाजीवने केली, पण अण्णांची वाइन तोवर परदेशात पोचली होती. त्यांनी वकील लावला आणि रोज सकाळी दार पुसायला चांगुणाला कायम केलं. नोटिशीचा खटला झालाच नाही, कारण सहा महिन्यांनी कंपनीनेच नवा चुना बाजारात आणला, पुडीवर लिहिलं होतं, 'आता पारंपरिक गोडव्यासह'. चोरी करायची तर अशी, छापील.

पण नोटीस यायची ती आली होती. भारी कागद, वर ठसा. चांगुणाने ती गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये बंद करून आणली, देवळीत उभी केली आणि भागीनाथला म्हणाली, "वाचा. मोठ्यानं."

भागीनाथने घसा साफ केला. "'सदर वास्तूतील चुन्याचे मिश्रण श्रीमती चांगुणा भागीनाथ धोत्रे यांनी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर सर्वस्वी स्वतःच्या निर्णयाने सिद्ध केले असल्याचे निष्पन्न झाले आहे.'"

"परत."

त्याने परत वाचलं. मग कागद उलटून पाहिला, मागे कोरा होता. परत सुलटा केला.

"भिंत समद्यांनी मिळून बांधली," तो पडेल आवाजात म्हणाला. "एकतीस वरसं भिंती बांधतोय मी. माझं नाव कुटंच नाय ह्याच्यात."

"नाय कसं?" चांगुणाने चुन्याने फुटलेलं बोट कागदावर टेकवलं. "हाय की. नीट बघा. माझ्या मधोमध."